एक डाव शिल्लक

"बंद पडल्यावर परत चालू करून बघितलं का?"

"बघितलं की आबा."

"कितीदा?"

इथं गिऱ्हाईक फसायचं. कुणी मोठ्या फुशारकीनं सांगायचं, "धा-पंधरा डाव तरी केलं असंल." झालं! आबांचा चष्मा कपाळावर जायचा, आवाज पत्र्याला लागायचा, आणि माझ्याकडं फॉर्म भरायला आलेली माणसंसुद्धा दचकून मागं बघायची.

"आरं, माणूस चक्कर येऊन पडला, तर त्याला धा डाव उठवून पळाया लावतो का तू? गप पडू द्यावं का न्हाय त्याला?"

ज्याला हे ऐकावं लागायचं तो बिचारा घरचा जुना कॉम्प्युटर वाकळंत गुंडाळून, मोटारसायकलला बांधून वडगाव निंबाळकरवरनं नाहीतर कोऱ्हाळ्यातनं आलेला असायचा. दुरुस्ती राहिली बाजूला, आधी खरडपट्टी.

"अहो आबा, गिऱ्हाईक आहे ते, गुन्हेगार नाही," मी पुढनं ओरडायचे.

"गुन्हाच हाय त्यो," आबा म्हणायचे आणि वाकळंच्या गाठी सोडायला बसायचे.

बारामतीत आम्हा दोघांत मिळून एक गाळा होता. पुढचा अर्धा माझा. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, सातबारा, लग्नपत्रिका. मागच्या अर्ध्यात आबा आणि त्यांचे बंद पडलेले कॉम्प्युटर. मधे एक लोखंडी कपाट आडवं टाकलेलं. नऊ वर्षं आम्ही पाठीला पाठ लावून बसलो आणि नऊ वर्षं भांडलो. मी तोंडानं फटकळ आहे, ते मी कुणापासून लपवत नाही. माझं माहेर पळसदेव, उजनीच्या पाण्याकाठचं. माझा बाप म्हणायचा, ही पोरगी पोटात काय ठेवत न्हाय, पाटीतल्या माशाला बी तोंडावर सांगंल, तू शिळा हाईस म्हणून. आबांनाही मी तोंडावर सांगायचे, तुमच्या आरडाओरड्यानं माझी माणसं पळतात. ते मला 'बाई' म्हणायचे. भांडण वाढलं की 'ओ बाई'. त्यापलीकडं कुणाशी नातं नाही. कुणाला बाळा नाही, दादा नाही, पोरी नाही. इतका कोरडा माणूस मी दुसरा बघितला नाही, असं मी तेव्हा म्हणत होते.

सगळ्यात मोठं भांडण व्हायचं ते पंख्यावरनं. हार्डडिस्क म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली ती चपटी पेटी, जिच्यात सगळं साठवलेलं असतं. तिच्यावर संशय आला की आबा एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, टोक पेटीवर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. त्याआधी पंखा बंद. माझं झेरॉक्स मशीन बंद. तोंडं बंद. एप्रिलच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली दहा माणसं घाम पुसत मुकाट उभी. एकदा सातबाऱ्याला आलेली एक म्हातारी माझ्या कानाशी लागून हळूच म्हणाली, "कोण गेलं गं, बाई?"

पेटीतनं टक् असा आवाज आला रे आला, की आबा वायर उपटायचे. मग वहीचं पान फाडून त्यावर ठसठशीत अक्षरात लिहायचे, 'चालू करू नये', आणि ते पेटीवर चिकटवायचे. गाळ्यात जिकडं बघावं तिकडं या चिठ्ठ्या. एकदा माझ्या प्रिंटरमधे कागद अडकला, तर मी जेवून हात धुऊन येईपर्यंत त्याच्यावरही चिठ्ठी! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"तुमी हसा न्हायतर रडा," आबा म्हणायचे. "आत तबकडी असती, तिच्यावर सुई फिरती. सुई बिघडली की ती तबकडीच खरवडाया लागती. जेवढ्या डाव चालू कराल तेवढं खरवडून काढंल. पयल्या टक्‌ला जो थांबला, त्याचा एखादा डाव शिल्लक ऱ्हातो. मग त्यो नीट वापरायचा."

एखादा डाव शिल्लक. हे त्यांचं पालुपद होतं.

बाकीच्या बिघाडांना त्यांचे घरगुती इलाज असायचे. निम्मे कॉम्प्युटर शाळेतल्या खोडरबरानं बरे व्हायचे. आतली रॅमची पट्टी काढायची, तिची पिवळी कडा खोडरबरानं घासायची, फुंकर न मारता परत बसवायची, की पडद्यावर उजेड. फुंकर का नाही, तर थुंकी उडते. गोठ्याशेजारच्या खोलीतनं आलेल्या कॉम्प्युटरांत पेंडीचा भुसा, पाली, उंदरानं केलेलं घरटं, काय वाट्टेल ते निघायचं. असले बोर्ड आबा साबणाच्या पाण्यानं ब्रश मारून धुवायचे आणि घरी गच्चीत वाळत घालायचे. उन्हाळ्यात त्याच गच्चीत काकींच्या कुरडया. काकी म्हणजे आबांची बायको.

"माझ्या कुरडईत तुमचा खिळा निघाला ना, तर पाव्हण्यांना तुमीच उत्तर द्या," काकी म्हणायच्या. ते ऐकून आबांच्या मिशा जराशा हलायच्या. हसणं म्हणाल तर तेवढंच.

काकी रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. एक आबांचा, एक माझा. मी नको म्हणून बघितलं, पण त्या बाईला नको म्हणताच येत नाही. घटकाभर टेकायच्या, पदरानं वारा घ्यायच्या, आणि चार-आठ दिवसांनी एकदा आबांच्या पाठीकडं बघत विचारायच्या, "आलं का यंत्र?"

आबा मान वर न करता म्हणायचे, "न्हाय अजून."

मला वाटायचं, दुकानासाठी काहीतरी मागवलं असेल. कधी विचारलं नाही.

कळलं ते कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका गुरुजींमुळं. गुरुजींची बायको वारली होती आणि तिचे सगळे फोटो घरच्या कॉम्प्युटरात अडकले होते. डिस्क तापली की बंद पडायची. आबांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून काकींच्या फ्रीजमधे, बर्फाच्या कप्प्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी गार डिस्क घेऊन आले, पुसली, लावली, आणि ती परत तापायच्या आत फोटो बाहेर काढले. पडद्यावर हिरव्या साडीतली बाई आली तसे गुरुजी ढसाढसा रडले. एवढा शिकलेला माणूस, आबांच्या पायाला हात लावायला वाकला.

आणि आबा? उठले, गाळ्याच्या मागच्या दारात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले. डबा उघडलासुद्धा नाही.

"अहो, चांगलं काम झालं, जरा हसा की," मी म्हटलं. "का हसण्यावर पण चिठ्ठी लावलीय?"

काकी तिथंच होत्या. त्यांनी माझा दंड धरला आणि मला रस्त्यावर नेलं.

"त्यांना काय बोलू नको आज," त्या म्हणाल्या. "आमच्या पोरीचं निघालं न्हाय ना."

त्यांना एकच मुलगी होती. एकोणीस वर्षांची. वक्तृत्व स्पर्धेतनं बक्षिसं आणायची. घरच्या कॉम्प्युटरला माइक लावून भाषण बोलायची, स्वतःच ऐकायची, चुकलं की परत बोलायची. काकी भाकरी थापायच्या आणि आतनं तेच भाषण दहा-दहा वेळा ऐकू यायचं. इंदापूरच्या स्पर्धेहून स्कूटीवर परत येताना, दिवस मावळायच्या सुमाराला, रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नाही, काही नाही. मी गाळ्यात यायच्या तीन वर्षं आधीची गोष्ट.

"फोटो हाय भिंतीवर," काकी म्हणाल्या. "पर आवाज ऱ्हायला न्हाय गं. आठवाया बसते, आन माझ्या भनीचाच आवाज येतो. त्या डिस्कंत बोलणं हाय तिचं. बिघडलीया, पर ह्यांनी जपून ठेवलीया. एक डाव शिल्लक हाय म्हणत्यात. चांगलं यंत्र आलं पुण्याला, की लावणार."

त्या दिवसापासनं 'आलं का यंत्र' हे शब्द कानावर आले की मी हातातलं काम उगाच जोरजोरात करायचे.

मग तो दिवस. आबा इंदापूरला एका शाळेतले जुने कॉम्प्युटर बघायला गेले होते. काकी डबा घेऊन आल्या, पण पिशवीत दुसराही एक स्टीलचा डबा होता. झाकण काढलं. कापसात ठेवलेली डिस्क. वर आबांच्या अक्षरातली चिठ्ठी, पिवळी पडलेली.

"तू लाव," काकी म्हणाल्या.

"काकी, काहीतरीच काय! आबा मला जिवंत ठेवतील का?"

"पुढल्या आठवड्यात गुडघ्याचं ऑपरेशन हाय माझं. मला शुगर हाय, बीपी हाय. त्या टेबलावरनं उठलेच न्हाय तर? त्यांचं यंत्र यील तवा यील. मला एक डाव ऐकू दे गं. अर्धा मिनिट. तू रोज बघतीस, तुला येतं."

मी नाही म्हणायला हवं होतं. मला सगळ्या जगाला नाही म्हणता येतं, त्या बाईला नाही आलं. माझी चूक तिथं झाली, ती मी कुणावर ढकलत नाही.

शटर अर्धं खाली ओढलं. पंखा मीच बंद केला. आबांच्या टेबलावर बसून, त्यांच्याच वायरी लावल्या. लावताना दिसलं, पेटीच्या एका स्क्रूवरचं कंपनीचं स्टिकर फाटलेलं होतं. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. काकी शेजारच्या स्टुलावर, हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मी बटण दाबलं.

टक्. टक्. टक्.

मी वायर उपटली. शिल्लक असलेला एकुलता एक डाव मी घालवला होता.

"लागली का?" काकींनी विचारलं.

आणि मी, पळसदेवची फटकळ पोरगी, सरळ खोटं बोलले. "नाही हो काकी. वायरच बसत नाही नीट. ही जुनी आहे, दुसरी लागेल."

"मग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. डिस्क पदरानं पुसली, कापसात ठेवली, झाकण लावलं. उलट त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा वाटला. "बरं झालं, वाया गेला न्हाय डाव. ह्यांना सांगू नको हं."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. काकी महिन्याभरात काठी टेकत परत डबा आणायला लागल्या, आणि मी त्यांच्या हातचं जेवायला लागले. निम्मी भाकरी डब्यातनं परत जायची. आबांशी भांडायचं बंद झालं माझं. पंखा बंद करा म्हटलं की बंद. तीन वर्षं! एकदा आबाच वैतागून म्हणाले, "ओ बाई, तुमच्या तोंडाला काय झालं? दुकान सुनं वाटतंया."

मागच्या उन्हाळ्यात माझ्या भावाचा कॉम्प्युटर बंद पडला. आबा इंदापूरला निघालेच होते, म्हणून तिथलं काम उरकून आम्ही पळसदेवला गेलो. खोडरबराचंच काम निघालं. भावजयीनं माशाचं कालवण केलं होतं, आबा पोटभर जेवले. मग म्हणाले, पाण्यातलं देऊळ उघडं पडलंय म्हणत्यात, बघू या. उजनीचं पाणी पार आत गेलं होतं. एरवी नुसतं शिखर दिसतं, त्या दिवशी देऊळ तळापासनं मोकळं झालेलं. भेगाळलेल्या गाळातनं माणसं चालत जाऊन नारळ फोडत होती. आम्ही काठावरच बसलो, आबांचे गुडघे काही तिथवर जाऊ देत नव्हते.

"हे बरं हाय," आबा म्हणाले. "पाणी गेलं की परत दिसतंय."

माझा बांध तिथं फुटला. लहान पोरासारखी हुंदके देत मी सगळं सांगून टाकलं. डबा, ऑपरेशन, अर्धं शटर, वायर बसत नाही म्हणून मारलेली थाप. "आबा, तुमच्या पोरीचा आवाज मी घालवला. मला चपलेनं मारा."

आबांनी चष्मा कपाळावर नेला. मला वाटलं, आता ओरडणार. ओरडले नाहीत.

"कितीदा चालू केलीस?"

"एकदाच. तीनदा टक् झालं, लगेच वायर काढली."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला.

"मी अकरा डाव केली, पोरी," ते म्हणाले.

मला काही समजेना.

"तेरावा झाला त्या दिशी. सगळी पाव्हणी गेली. म्हटलं, आवाज ऐकावा. लावला कॉम्प्युटर, तर आतनं टक्. दुसऱ्या कुणाचं मशीन असतं तर वायर उपटली असती. हात गेलाच न्हाय गं. बंद केलं, चालू केलं. बंद केलं, चालू केलं. वाटायचं, ह्या डावाला लागंल. अकरा डाव मोजून. आन एवढं कळतंय मला, मी त्यातलाच माणूस! तुझ्या हातात आली तवा ती कवाच मेलेली हुती."

"मग पुण्याचं यंत्र?"

"पुण्याला बी नेली हुती. त्यांनी उघडून दावली. तबकडीवर गोल रेघ, नखानं ओरबाडल्यागत. म्हणाले, काका, कशाला एवढ्यांदा चालू केली?" आबांनी हातानं तोंड पुसलं. "घरी आलो. ती दारातच हुती. निघंल का म्हणाली. माझ्या तोंडातनं निघून गेलं, एक डाव शिल्लक हाय म्हणून. यंत्र यायचंय म्हणून."

मी रडायची थांबले. खरं सांगते, आधी हायसं वाटलं आणि त्यामागोमाग भयंकर राग आला. तीन वर्षं मी घास मोजून खाल्ले, आणि हा माणूस बारा वर्षं त्या बाईला आशेवर ठेवून बसलाय!

"आबा, फसवताय तुम्ही त्यांना. सांगून टाका."

"तिला वाटतंय आवाज हाय, फकस्त बंद हाय," आबा म्हणाले. "तेवढ्यावर उठती, सैपाक करती, जिनं चढती. ते बी काढून घेऊ व्हय?"

"आणि तुम्ही गेल्यावर?"

ते पायजम्याला लागलेला गाळ खरवडत बसले. परतीच्या जीपमधनं उतरताना म्हणाले, "तुमी सांगू नगा, बाई." परत बाई. पोरी म्हणाले ते तेवढं एकदाच.

आबा दिवाळीनंतर गेले. सकाळी अंघोळीला पाणी काढलं आणि मोरीतच बसले ते उठले नाहीत. गाळ्यात सतरा कॉम्प्युटर त्यांची चिठ्ठी लावून पडलेले होते. एकेकाला फोन करून मी ते परत दिले. माणसं यायची, वाकळंत गुंडाळायची, आणि जाता जाता मला विचारायची, आता कुणाकडं न्यायचं? मी काय सांगणार! मागचा अर्धा गाळा रिकामा झाला. आता पंखा दिवसभर चालू असतो आणि मला त्याचा आवाज सहन होत नाही.

तेरावा झाल्यावर चार दिवसांनी काकी आल्या. माझा डबा आणला होता, आणि तो स्टीलचा डबा. आबांच्या रिकाम्या टेबलावर त्यांनी झाकण काढलं. कापूस नवीन घातला होता. पिशवीतनं त्यांनी एक कोरी वायर काढली, प्लॅस्टिकच्या पाकिटातली.

"तू म्हणाली हुतीस ना, वायर बसत न्हाय," काकी म्हणाल्या. "ही नवी हाय. डिस्क दावूनच मागून घेतली. बसंल म्हणाला दुकानदार. आता ह्यांचं यंत्र कोण आणणार गं? तूच लाव."

मी वायर हातात घेतली. तीन वर्षांमागं मारलेली थाप त्या बाईनं खरी मानून जपली होती. माझ्या मनात आलं, सांगून टाकावं. मी फटकळ आहे, माझ्या पोटात काही राहत नाही, एका दमात बोलून मोकळी होईन. काकी स्टुलावर बसल्या होत्या, तशाच, हात मांडीवर ठेवून. उठून पंखा मात्र त्यांनीच बंद केला होता.

"काकी," मी म्हटलं, "एकच डाव शिल्लक आहे."

"म्हणून तर आले."

"मग आज नको. माझा हात आबांसारखा नाही. वाया जाईल. पुण्याला यंत्र यायचंय, आबा मला सांगून गेलेत. ते आलं की आपण दोघी जाऊ."

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. "यील ना?"

"येईल की."

काकींनी वायर परत पाकिटात घातली, पाकीट दुमडून डिस्कच्या शेजारी कापसात बसवलं आणि झाकण दाबून लावलं. मग मला म्हणाल्या, जेवून घे, भाकरी गार व्हाया लागली.

अजून त्या रोज येतात. डबा आता एकच असतो. घटकाभर टेकतात, पदरानं वारा घेतात, आणि चार-आठ दिवसांनी एकदा माझ्या पाठीकडं बघत विचारतात, "आलं का यंत्र?"

मी मान वर करत नाही. "न्हाय अजून," म्हणते.